पहिल्या गटाचा मान

सुमेघ नागरी सहकारी पतसंस्थेचं नाव ज्यानं ठेवलं तो माणूस मोठा आशावादी असला पाहिजे. ज्या वर्षाची ही हकिकत आहे, त्या वर्षी औरंगाबादेत मेघ पाहायला मिळाला तो पतसंस्थेच्या पाटीवरच. आभाळ कोरडं होतं, धरणाचा तळ दिसत होता आणि शहर मात्र कुणाचंही न ऐकता वाढत होतं. शेंद्र्याकडे कारखाने, बिडकीनकडे रुंद रस्ते, बायपासला मजल्यांवर मजले, आणि या सगळ्यांच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी. कोणत्या भागाला कधी, याचं छापील वेळापत्रक होतं. पाण्यानं ते वाचलेलं नव्हतं.

मंदार पाथ्रीकर या पतसंस्थेच्या जालना रोडवरच्या मुख्य कार्यालयात संगणक विभाग सांभाळायचा. विभाग म्हणजे तो स्वतः, एक टेबल आणि एक थंडगार खोली, जिच्यात उन्हाळ्यात माणसं 'जरा काम होतं' म्हणून येऊन बसत. त्याआधी तो बिडकीन शाखेत काउंटरला होता. तिथून निघायला त्यानं सुट्ट्या घालवून कोर्स केले, परीक्षा दिल्या आणि ही खुर्ची मिळवली. पण नेमणुकीच्या मागे 'तात्पुरती' हा शब्द चिकटलेला होता. बिडकीनशी त्याचं काही वाकडं नव्हतं. पण जाळीआडून दिवसभर 'पुढचे' म्हणत राहायचं आयुष्य त्याला परत नको होतं, आणि हे तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता. त्याची बायको मृण्मयी म्हणायची की तो झोपेत अजूनही 'पुढचे' म्हणतो.

अशात मुख्य कार्यालयातल्या नव्या संगणकांच्या कंपनीचा निरोप आला. बटण दाबल्यावर यंत्रात जी आज्ञावली सगळ्यात आधी जागी होते, तिच्यात म्हणे खोट निघाली होती. दुरुस्ती पाठवतोय, लवकरात लवकर बसवून घ्या. ही दुरुस्ती, म्हणजे पॅच, टेबलाटेबलाशी जाऊन बसवायचा नसतो. एका जागी बसून बटण दाबलं की तारांमधून प्रत्येक यंत्रात जाऊन आपोआप बसतो, अशी सोय पतसंस्थेनं घेतलेली होती. फक्त ती अजून कुणी वापरली नव्हती.

"जमेल ना?" व्यवस्थापक इंद्रजीत तौर साहेबांनी विचारलं. "महिनाअखेरच्या सोमवारी पुण्याच्या कंपनीची माणसं येतायत. सगळं काम आमच्याकडे द्या म्हणतात. तू त्याआधी करून दाखवलंस, तर खुर्ची तुझी. नाही जमलं, तर काम त्यांना आणि तू बिडकीनला."

"जमेल साहेब," मंदार म्हणाला. घरी येऊन त्यानं वडिलांना सांगितलं. दत्तोपंत पाथ्रीकर कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतरही कुठलीही गोष्ट वरिष्ठांकडे पाठवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"नव्या कोऱ्या मशीनला ठिगळ?" ते म्हणाले. "परत कर. माल परत करणे, खुलासा मागवणे. अशी सोपी वाट असते."

"बाबा, सगळ्या जगात असंच चालतं."

"म्हणून तर जगाचं असं झालंय," दत्तोपंत म्हणाले, आणि गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरलंय ते काठी घालून बघायला गेले.

खरा घोळ झाला तो साप्ताहिक बैठकीत. मंदारनं उत्साहाच्या भरात लोकांना पद्धत समजावून सांगितली. शहाण्या माणसानं लोकांना कधी पद्धत समजावून सांगू नये, पण तो तेव्हा तरुण होता आणि त्यानं नवा शर्ट घातला होता.

"आधी थोडीच मशीनं घ्यायची," तो म्हणाला. "हा पहिला गट. त्यात सगळं ठीक झालं की मग दुसरा गट. पहिल्या गटात मी आवक-जावकचं मशीन घेतलंय, स्टोअरचं घेतलंय आणि जिन्याखालचं, जे फक्त दिवाळीची शुभेच्छापत्रं छापायला लागतं."

सगळे गप्प झाले. मंदारला वाटलं, पटलं.

"म्हणजे आम्ही दुसऱ्या गटात," प्रमोदिनीताई म्हणाल्या. त्या कर्ज विभाग सांभाळायच्या आणि त्यांचा आवाज जितका मऊ होई तितकी माणसं सावध होत.

"हो ताई. सगळी महत्त्वाची मशीनं दुसऱ्या गटात ठेवलीत."

"असू दे बाबा. आमच्या कॉलनीलाही असंच सांगितलं होतं. पहिल्या गटाला सकाळी पाणी, दुसऱ्या गटाला दुपारी. पहिल्या गटाच्या टाक्या भरून पाणी रस्त्यानं वाहतं, ते आम्ही गॅलरीतून बघतो."

"ताई, हे पाणी नाही. पहिला गट म्हणजे मान नाही, चाचणी आहे. काही बिघडलं तर तिथं बिघडावं, म्हणून ती फालतू मशीनं निवडलीत."

"नव्या खुर्च्या आल्या तेव्हाही हेच ऐकलं होतं," वसुली विभागातून आवाज आला. "आधी वरच्या मजल्यावर देऊन बघू. बघून झालं. खुर्च्या वरच राहिल्या."

मंदारनं गाडी खुर्च्यांवरून परत मशीनवर आणायचा प्रयत्न केला. तोवर आवक-जावकच्या सत्यभामाबाई 'फालतू' या शब्दावर रडायला लागल्या होत्या, ते निराळंच.

त्या दिवसापासून मंदारच्या टेबलाशी रांग लागली. त्या वर्षी या शहरात दुसरा गट म्हणजे काय हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. दुसरा गट म्हणजे रिकामी बादली. वसुलीवाले आले, ठेवीवाले आले, लेखापरीक्षणवाले आले. कुणी पेढे आणले, कुणी जुनी मैत्री काढली, कुणी नुसतंच 'लक्षात ठेवू' म्हणून गेलं. बिडकीन शाखेचे पुंजाराम फोनवरून घसरले. शाखांमधली यंत्रं जुनी आणि दुसऱ्याच कंपनीची होती, त्यांना ही दुरुस्ती लागूच नव्हती, हे मंदारनं त्यांना तीन वेळा सांगितलं.

"ते मला नका सांगू," पुंजाराम म्हणाले. "मशीन येगळं असंल, मानूस तर तोच हाय ना? पहिल्या गटात नाव तेवढं घाला बिडकीनचं. लोकं इचारतेत."

सगळ्यात शेवटी तौर साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "माझ्या मशीनचं काय ठरवलंस?"

"साहेब, तुमचं यंत्र बंद पडलं तर?"

"आणि आवक-जावकचं सुधारलं आणि माझं नाही सुधारलं तर? मी वर काय तोंड दाखवू?"

आठवडा संपता संपता सगळं कार्यालय पहिल्या गटात जमा झालं. दुसऱ्या गटात एकच यंत्र उरलं, मंदारचं स्वतःचं. ते तसंच राहू द्यायला हवं होतं, एवढी अक्कल त्याला होती. पण पडद्यावर एकीकडे ती सगळी मंडळी ऐटीत बसलेली आणि दुसरीकडे ज्यानं हा सगळा घाट घातला तो एकटा, हे त्याला बघवेना. रक्ताचं पाणी केलं कुणी, आणि मान कुणाला? त्यानं स्वतःचं यंत्र उचलून पहिल्या गटात टाकलं. 'दुसरा गट रिकामा आहे. पुढे जायचं का?' असं त्या प्रणालीनं अदबीनं विचारलं. मंदारनं होकार दिला.

"म्हणजे चाचणी सगळ्यांवरच?" मृण्मयीनं रात्रीच्या जेवणाला विचारलं.

"सगळं नीट होणारे गं."

"मग चाचणी कशाला?" ती म्हणाली आणि त्याला आमटी वाढली. आमटीत पाणी कमी होतं, पण त्या वर्षी तशी तक्रार कुणी करत नसे.

मुहूर्त शनिवारी दुपारचा धरला. म्हणजे मंदारनं वेळ धरली होती, कामाचे तास संपल्यावरची. तिचा मुहूर्त तौर साहेबांनी केला. अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन ठरलं. अध्यक्ष म्हणजे बद्रीनाथ अण्णा. शेंद्र्याला त्यांची मोठी शेती होती. आता तिथं कारखाना होता, आणि जिथं त्यांची मोसंबीची बाग होती तिथं कारखान्यातल्या साहेबांच्या मोटारी उभ्या राहत. अण्णांना त्याचं वाईट वाटायचं, पण मोटारी सावलीत नाहीत याचं जास्त वाईट वाटायचं. त्यांच्या केबिनमध्ये टेबलावर एक संगणक होता, मखमली कापडाखाली. गेल्या दसऱ्याला त्याला हार पडला होता.

"साहेब, अण्णांचं मशीन मला प्रणालीत दिसत नाही," मंदारनं आठवड्यात दोनदा सांगून पाहिलं होतं.

"दिसत नाही कसं? मला रोज दिसतं," तौर साहेब म्हणाले होते.

कार्यक्रमाआधी पाच मिनिटं मंदारनं मखमल उचलली. खाली पडदा होता, कळफलक होता, माऊस होता, आणि तिन्हींच्या तारा टेबलामागे जाऊन हवेत लोंबकळत होत्या. मुख्य यंत्र, ती पेटीच नव्हती. सगळ्या कार्यालयानं ज्याला हार घातला होता, त्याला धडच नव्हतं.

"साहेब!"

"आता चालू दे," तौर साहेब दातांतल्या दातांत म्हणाले, कारण अण्णा जिना चढले होते.

अण्णांनी नारळ फोडला. त्याचं पाणी मात्र कुणी सांडू दिलं नाही, तांब्यात धरलं. मग ते खुर्चीत बसले आणि बोट वर करून म्हणाले, "कोन्तं दाबू, मंदारराव?"

"हे मोठं, अण्णा."

अण्णांनी हवेला जोडलेल्या कळफलकावरचं मोठं बटण दाबलं. टाळ्या वाजल्या. काळा पडदा काळाच राहिला. "लई भारी," अण्णा समाधानानं म्हणाले. "आवाज बी नाय केला." तेवढ्यात मंदारनं आपल्या खोलीत धावत जाऊन खरं बटण दाबलं. त्याला कुणी टाळी वाजवली नाही, खोबऱ्याचा तुकडाही त्याच्यापर्यंत पोचला नाही, याची त्यानं मनात नोंद घेतली.

सुरुवात मात्र देखणी झाली. एकेका टेबलावर पडदे निळे झाले आणि पाटी आली: दुरुस्ती चालू आहे, यंत्र बंद करू नये. निळी रेघ मुंगीच्या पावलांनी पुढं सरकू लागली. लोक आपापल्या रेघेकडे कौतुकानं बघत होते. प्रमोदिनीताईंची रेघ वसुलीच्या पुढं होती आणि त्या मंदारकडे बघून हसल्या. बिडकीन कायमचं मागे पडलं असं त्याला त्या घडीला वाटलं.

आणि फोन वाजले. आधी एक, मग चार, मग सगळेच. मंदारचाही वाजला.

"पाणी आलंय!" मृण्मयी ओरडत होती. मागे बादल्यांचा खणखणाट आणि शेजारच्या गल्लीतल्या द्वारकाबाईंची हाळी ऐकू येत होती. "मंगळवारी यायचं ते आज आलंय! बाबा थेट नळाला मोटर लावतायत, दंड बसेल. तू त्यांना फोनवरून तरी आवर!"

अर्धं कार्यालय मंदारसारखंच सिडकोच्या बाजूला राहायचं. ते उठलं. उरलेल्या अर्ध्याला त्यांच्याच गाड्यांवरून घरी जायचं होतं, तेही उठलं. 'जाताना आपापले बटण बंद करावे' असा तौर साहेबांचा जुना दंडक होता, वीज वाचवण्यासाठी. तो इतकी वर्षं कुणी पाळला नव्हता. आज मात्र साहेब स्वतः दारात उभे, म्हणून जो तो जाता जाता भिंतीवरचं बटण खाली करून गेला.

"बंद करू नका!" मंदार ओरडला. "ताई! बंद नका करू! पाटी वाचा!"

ज्याच्या घरी पाणी आलंय तो पाटी वाचत नाही. प्रमोदिनीताईंची आघाडीवरची रेघ सगळ्यात आधी विझली. मंदार धावत एका टेबलाशी पोचे तोवर मागची दोन काळी होत होती. एवढ्यात शिपाई कडूबानं कार्यालय रिकामं झालेलं पाहिलं आणि रोजच्या शिरस्त्याप्रमाणे मेनस्विच खाली ओढला. मंदारच्या स्वतःच्या टेबलावरची रेघही गेली.

"झालं जी सायेब," कडूबा म्हणाला. "जावा तुमी बी. पानी आलंय म्हनं."

दिवे परत लावले तेव्हा एकही यंत्र जागं होईना. पंखा फिरे, पडद्यावर काही उमटत नसे. अर्ध्या दुरुस्तीत वीज गेली की यंत्राला आपण कोण हेच आठवत नाही, आणि ते इथं चाळीस ठिकाणी एकदम झालं होतं. मंदार प्रमोदिनीताईंच्या खुर्चीत मटकन बसला. परवा सोमवार होता. त्याला बिडकीनची जाळी डोळ्यांसमोर दिसली, जाळीला लागलेला शाईचा डागसुद्धा दिसला, आणि त्याचे डोळे भरून आले. हे कुणाला सांगू नये असं त्यानं ठरवलं होतं, पण मृण्मयीला त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं.

तिनं त्याला अंघोळ करायला लावली. पिंपं, पातेली, कुकर, दत्तोपंतांचा जुना सोवळ्याचा तांब्या, सगळं भरलेलं होतं. कितीतरी दिवसांनी त्याला पुरत्या दोन बादल्या मिळाल्या. "उद्या डबा देते," ती म्हणाली. "कंपनीला फोन लाव. एवढ्या यंत्रांना काही उपाय नसेल असं कसं होईल?"

उपाय होता. रविवारी सकाळी कंपनीच्या मदत केंद्रातला माणूस फार गोड बोलला. "बिलकुल ठीक हो जाएगा, सर. इसी मॉडल की एक अच्छी मशीन चाहिए. उससे पेनड्राइव बनाइए, और बाकी सब में लगाते जाइए. अपने सेकंड ग्रुप में से कोई भी एक ले लीजिए."

"दुसरा गट नाही."

"मतलब?"

"उसमें कोई बैठनेको तयार नहीं था," मंदार म्हणाला.

पलीकडच्या माणसानं पतसंस्थेचं नाव परत एकदा विचारून घेतलं.

मंदारनं सगळं कार्यालय पालथं घातलं. धडधाकट असं एकही यंत्र नव्हतं. पहिल्या गटातून कुणी सुटलंच नव्हतं. उन्हाचा तडाखा बसू लागला तसा तो पॅसेजमध्ये पाणी प्यायला गेला. पिण्याच्या पाण्याचा विकतचा जार तिथं एका चौकोनी ठोकळ्यावर असे, ठोकळ्यावर फुलाफुलांचं टेबलक्लॉथ. जार संपला होता. कडूबा कोपऱ्यात पेपर वाचत होता, म्हणून मंदारनंच रिकामा जार उचलला. टेबलक्लॉथ सरकलं. खाली खोकं होतं. खोक्यावर पेल्याचं चित्र होतं, वर जाणारा बाण होता, आणि संगणकांच्या कंपनीचं नाव होतं.

"कडूबा, हे काय आहे?"

"जारचं ष्टँड हाय जी."

"यात काय आहे?"

"अण्णांच्या टेबलाचं कायतरी हाय. फर्निचरचं काम चालू होतं तवा साहेब म्हनले, ठेव बाजूला, मंग लावू. मंग दुष्काळ पडला, जार सुरू झाले." मंदार खोक्याला मिठी मारून बसलेला पाहून तो काळजीत पडला. "सायेब, ते नका काढू. जार कशावर ठिवू मी?"

"माझी खुर्ची घे."

"खरंच?"

"घेऊन जा!"

कडूबानं खुर्ची नेली. ती त्यानं पुढं कधीच परत दिली नाही, ते सोडा. खोक्यातलं यंत्र कोरं करकरीत निघालं. कुठल्याच गटात नसलेलं, कुणी मान न मागितलेलं, बिचारं इतके दिवस डोक्यावर पाणी धरून बसलेलं. त्यातून मंदारनं पेनड्राइव्ह बनवला आणि पहिल्यांदा लावला तो आवक-जावकच्या यंत्राला. पडदा उजळला तेव्हा त्यानं मोठ्यानं आरोळी ठोकली. मग टेबलामागून टेबल करत, मृण्मयीचा डबा उभ्या उभ्या खात, दिवे लागायच्या आत त्यानं सगळं कार्यालय परत शुद्धीवर आणलं. या खेपेला मेनस्विचपाशी कडूबाला बसवलं, आणि कडूबावर नजर ठेवायला दत्तोपंतांना बोलावून घेतलं. दोघांचं चांगलं जमलं. दत्तोपंतांनी त्याला पेन्शनचे नियम सांगितले.

सोमवारी सगळे आले आणि आपापल्या टेबलाशी बसले. कुणाला काही कळलं नाही. प्रमोदिनीताई तर म्हणाल्या, "बघ, पहिल्या गटात होते म्हणून किती फास्ट चालतंय." पुण्याचे दोघे जण अण्णांच्या केबिनमध्ये बसले होते. यंत्राला आता धड होतं.

"तुमचा चाचणी गट किती मशीनचा होता?" त्यांतल्या एकानं विचारलं.

"सगळी," तौर साहेब अभिमानानं म्हणाले. "आमच्याकडे भेदभाव नाही."

पुण्याच्या माणसानं चहाचा कप खाली ठेवला. "सगळ्यांवर एकदम? आणि एकही बंद नाही?"

सगळ्यांनी मंदारकडे पाहिलं. खोटं बोलायचं नाही, असं त्याच्यावर घरचे संस्कार होते. "आता एकही बंद नाही," तो म्हणाला.

"मंग तुमी येगळं काय करनार?" अण्णांनी पुण्याच्या माणसांना विचारलं. "आमचं पोरगं करतंय की समदं. आन् नारळ बी आमचाच होता." मग ते मंदारकडे वळले. "व्हय रे, खुर्ची कुठंय तुझी? उभं राहून काम करतो म्हनं? ए तौर, नवी द्या त्याला. आन् ते तात्पुरतं-बितरतं काढून टाका."

मंदारला हसू आवरेना. जिना उतरताना तो पॅसेजमधल्या आपल्या जुन्या खुर्चीवरच्या जारचं पेलाभर पाणी प्यायला, आणि त्याला ते फार गोड लागलं.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पुढच्याच रविवारी कॉलनीच्या मारुती मंदिरात सभा होती. नवी जलवाहिनी आली होती आणि पाणीपुरवठ्याचे एक तरुण अभियंता नकाशा घेऊन समजावून सांगायला आले होते. त्यांनी नवा शर्ट घातला होता.

"आपण आधी दोनच गल्ल्या जोडणार," ते म्हणाले. "पहिला गट. सांधे गळू शकतात, पाणी गढूळ येऊ शकतं, रस्ता परत खणावा लागेल. म्हणून कमी घरांच्या गल्ल्या निवडल्यात. द्वारकाबाईंची आणि तिच्यामागची. तिथं सगळं तपासलं की मग तुम्हाला. ही चाचणी आहे, मान नाही."

सभेत शांतता पसरली. ती कसली शांतता आहे, हे तिथं एकट्या मंदारला ठाऊक होतं.

"तू सांग यांना नीट," दत्तोपंत म्हणाले. "तुझा विषय आहे."

मंदार उठला. अभियंत्यानं आशेनं त्याच्याकडे पाहिलं. चाचणी गट कशासाठी असतो, तो लहान का ठेवायचा, दुसऱ्या गटात राहण्यातच कसं शहाणपण आहे, हे या शहरात त्याच्याइतकं कुणाला कळलं नव्हतं. तो बोलायला लागला. तेवढ्यात त्याची नजर द्वारकाबाईंकडे गेली. त्या पदर सावरून हसत होत्या, मंद, समाधानी, थेट त्याच्याकडे बघून.

"साहेब," मंदार म्हणाला, "बाकी सगळं पटलं. पण आमची गल्ली पहिल्या गटात का नाही?"

मृण्मयीनं त्याचा शर्ट खाली ओढला. तो बसला नाही.